दोन गिऱ्हाइकांच्या मधला वेळ: स्प्रिंगफील्डच्या सलूनचं प्रकरण

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, स्प्रिंगफील्ड शहरातल्या एका सलूनमधल्या दोन कारागिरांना कोविड झाला. लक्षणं दिसू लागल्यावरही दोघांनी काम थांबवलं नाही. त्या दिवसांत त्यांच्या हाताखालून १३९ गिऱ्हाइकं गेली. पुढे त्यांतल्या एकालाही कोविडची लक्षणं आली नाहीत. या प्रकरणाची नोंद जुलै २०२० मध्ये सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेच्या साप्ताहिक अहवालात प्रसिद्ध झाली, आणि मास्कच्या वादात ती इतक्यांदा पुढे केली गेली की मूळ तपशील गळून पडला. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच: १३९ पैकी शून्य.

हा आकडा जसा सांगितला जातो तसा घेता येत नाही. शिवाय मास्क लावून माणसांच्या जवळ काम करणाऱ्याला यातून जे खरोखर उपयोगी पडेल, ते गिऱ्हाइकांच्या आकड्यात कमी आणि ‘अ’कडून ‘ब’पर्यंत काय घडलं त्यात जास्त सापडतं. अहवालातल्याप्रमाणे दोन्ही कारागिरांना इथेही ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू.

घटनाक्रम

१२ मे रोजी ‘अ’ला श्वसनाची लक्षणं सुरू झाली. काम चालूच राहिलं. १५ मे रोजी ‘ब’लाही लक्षणं दिसली, आणि ‘ब’चंही काम चालू राहिलं. १८ मे रोजी ‘अ’ची चाचणी झाली, निकाल येईपर्यंत वेगळं राहायला सांगितलं होतं, तरी सलूनमध्ये जाणं थांबलं नाही. २० मे रोजी निकाल पॉझिटिव्ह आला, तेव्हा कुठे ‘अ’चं काम थांबलं. म्हणजे लक्षणांसकट आठ दिवस. ‘ब’नेही त्याच दिवसापर्यंत काम केलं आणि मग चाचणी करून घेतली. तिचा निकाल २२ मे रोजी पॉझिटिव्ह आला. त्यानंतर सलून तीन दिवस बंद ठेवून जंतुनाशकाने साफ केलं गेलं.

शहराच्या नियमाने प्रतीक्षेच्या जागेतली बैठक नेहमीच्या २५ टक्क्यांवर आणली होती आणि जिथे अंतर राखता येत नाही तिथे तोंड झाकण्याची शिफारस केली होती. सलूनचा स्वतःचाही मास्कचा नियम होता. ‘अ’च्या तोंडावर दुपदरी सुती कापडाचा मास्क असे, ‘ब’ कधी तसाच कापडी मास्क लावे, कधी सर्जिकल. गिऱ्हाईक खुर्चीत साधारण १५ मिनिटं बसे, फार तर ४५. केस कापणं, दाढीमिशी कातरून देणं आणि केस कुरळे करणं एवढ्याच सेवा चालू होत्या.

आरोग्य खात्याने १३९ही जणांना गाठलं. त्यांना १४ दिवस घरी वेगळं राहायला सांगितलं, रोज मोबाइलवर संदेश पाठवून लक्षणं विचारली आणि फुकट चाचणी देऊ केली. ६७ जणांनी चाचणी केली. सगळ्यांची निगेटिव्ह आली. ७२ जणांनी चाचणीला नकार दिला. साधारण महिन्याभराने फोनवर मुलाखती झाल्या, त्या १०४ जणांच्या. त्यांतल्या १०२ जणांनी सांगितलं की खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत मास्क तोंडावर होता. उरलेल्या दोघांनी थोडा वेळच लावला होता. मास्कचे प्रकार पाहिले तर ४९ जणांचा कापडी, ४८ जणांचा सर्जिकल, ५ जणांचा एन९५, आणि दोघांचा नेमका प्रकार नोंदला गेला नाही.

आता दुसरी बाजू. ‘अ’च्या सलूनबाहेरच्या जवळच्या माणसांत चौघे निघाले: सोबत राहणारा नवरा, आणि दुसऱ्या घरात राहणारे मुलगी, जावई व त्यांच्यासोबत राहणारी आणखी एक व्यक्ती. चौघांनाही लक्षणं आली आणि चौघांचीही चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे ‘अ’कडून आजार पसरतच नव्हता, हा खुलासा इथे चालत नाही. मग सलूनमध्ये लागण झाली ती कुणाला? ‘ब’ला. आणि अहवालात एक वाक्य आहे, ज्यावरून बहुतेकांची नजर सरकते: गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात हे दोघं मास्क न लावता एकमेकांशी बोलत असत.

खुर्चीपाशी काय घडत होतं

बोलताना आणि खोकताना तोंडातून निघणारे थेंब निघतात तेव्हा मोठे आणि ओले असतात. हवेत गेल्यावर काही सेकंदांत, बारीक असले तर त्याहूनही लवकर, त्यातलं पाणी उडतं आणि व्यास निम्म्याहूनही कमी होतो. सुती कापडाचे दोन पदर मोठा ओला थेंब चांगला अडवतात, सुकून बारीक झालेला कण मात्र सहज सोडतात. म्हणून तोच कापडी मास्क आजारी माणसाच्या तोंडावर असला तर जास्त काम करतो, समोरच्याच्या तोंडावर असला तर कमी. ‘अ’ आणि ‘ब’च्या बाबतीत कापड योग्य तोंडावर होतं.

गाळण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठे कण धाग्यांवर आदळून अडकतात. त्याहून बारीक कण वेडेवाकडे भरकटत धाग्यांना चिकटतात. मधले दोन्हींतून निसटतात. एन९५ हे मधले कणही निदान ९५ टक्के अडवतो. सर्जिकल मास्क आणि एन९५च्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीनचे अतिबारीक तंतू असतात आणि त्यांच्यावर विद्युतभार बसवलेला असतो; कण त्याकडे ओढला जातो. हे मास्क साबणाने धुतले किंवा त्यांच्यावर अल्कोहोल फवारलं की तो भार जातो. वरून मास्क जसाच्या तसा दिसतो, गाळणं मात्र ढासळलेलं असतं. कापडी मास्कला असा भार नसतोच, त्यामुळे तो खुशाल धुवावा.

पण कापड किती गाळतं यापेक्षा हवा कुठून जाते हे पुष्कळदा महत्त्वाचं ठरतं. सीडीसीने २०२१ मध्ये पुतळ्यांवर केलेल्या एका प्रयोगात, नुसता सर्जिकल मास्क लावला तर कृत्रिम खोकल्यातले ४२ टक्के कण अडले, नुसता कापडी लावला तर ४४ टक्के. सर्जिकलवर कापडी लावला तेव्हा ९२ टक्क्यांहून अधिक. दोन मास्कची गाळणी एकावर एक आली एवढ्यानेच एवढी मोठी उडी बसत नाही. वरच्या कापडाने खालच्या मास्कच्या कडा गालावर दाबल्या, हे मोठं कारण. बोलणारा आणि ऐकणारा अशा दोघांनीही असे घट्ट बसलेले मास्क लावल्यावर ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारे कण ९५ टक्क्यांहून जास्त घटले.

सलूनमध्ये खुर्चीपाशी कारागीर आणि गिऱ्हाईक, दोघांचेही चेहरे झाकलेले होते. त्यात केस कापणारा बहुतेक वेळ मागे किंवा बाजूला उभा असतो. गिऱ्हाइकाचं तोंड त्याच्याकडे नसतं. मास्कमधून निसटलेली हवा नाकाच्या बाजूने वर आणि गालांवरून मागे जाते, सरळ पुढे फारशी जात नाही. त्यात भेट १५ मिनिटांची. या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की त्यांतलं एकट्या मास्कचं श्रेय किती, हे या प्रकरणातून वेगळं काढता येत नाही.

शून्य किती वजन पेलतं

६७ पैकी शून्य याचा अर्थ लागणीची शक्यता शून्य असा होत नाही. हिशेबाची एक सोपी रीत आहे: काहीच घडलं नसेल तेव्हा ३ ला एकूण संख्येने भागायचं, म्हणजे ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. ३ भागिले ६७ म्हणजे सुमारे ४.५ टक्के. खरी शक्यता शून्य ते साडेचार टक्क्यांत कुठेही असू शकते. १३९ गिऱ्हाइकांना ही वरची मर्यादा लावली तर सहा जण होतात. ७२ जणांची चाचणीच झाली नाही, आणि लक्षणांशिवाय बाधित होऊन गेलेले त्यांत असतील तर ते कुठेच दिसणार नाहीत.

विषाणूच्या त्या पहिल्या रूपात घराबाहेरच्या थोडा वेळ भेटलेल्या माणसांना लागण होण्याचं प्रमाण मास्कशिवायही साधारण एक आकडी टक्क्यांतच असे. म्हणून हा शून्य ‘मास्क नसता तर शेकड्याने माणसं आजारी पडली असती’ असं म्हणायला पुरत नाही. मास्क निरुपयोगी आहे म्हणणाऱ्यांनाही तो फारसा आधार देत नाही, हे आलंच.

मला सगळ्यात मोठी उणीव वाटते ती तारखांची. या विषाणूत माणूस इतरांना सर्वाधिक लागण करतो ते लक्षणं दिसण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि लक्षणांचा पहिला दिवस. शोध घेतला गेला तो लक्षणं सुरू झाल्यानंतरच्या गिऱ्हाइकांचा. १० आणि ११ मे रोजी कोणी खुर्चीत बसलं असेल तर ते या १३९ मध्ये नाही.

तीन दिवसांचं अंतर

आता त्या निसटलेल्या वाक्याकडे. ‘अ’ची लक्षणं १२ मे रोजी, ‘ब’ची १५ मे रोजी. मूळ विषाणूचा शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ सरासरी पाच दिवसांचा. कमीत कमी दोन, जास्तीत जास्त चौदा. ‘ब’ला लागण ‘अ’कडूनच झाली असेल तर ती बहुधा ‘अ’ला लक्षणं दिसण्याच्या आधी किंवा अगदी त्या सुमारास झाली. दोघांना एकाच तिसऱ्या ठिकाणाहून लागण झाली असणं अशक्य नाही, पण हाताशी असलेल्या माहितीत ‘अ’पासून ‘ब’पर्यंतचा उघड्या चेहऱ्याचा रस्ता स्पष्ट दिसतो.

म्हणजे त्या वेळी ‘अ’ला बहुधा काहीही होत नव्हतं. खोकला नाही, ताप नाही. मास्क काढून दोन शब्द बोलायला कोणाला काही गैर वाटावं असं काहीच नव्हतं.

बंद खोलीत मास्क काढून केलेल्या गप्पांचं गणित हवेच्या बदलावरून मांडता येतं. खिडक्या बंद असलेल्या खोलीतली हवा समजा तासाला दोनदा बदलत असेल, तर कण सोडणारा निघून गेल्यावर हवेतले ९९ टक्के कण जायला १३८ मिनिटं लागतात. तासाला सहा वेळा बदलली तर ४६ मिनिटं. बारा वेळा बदलली तर २३. हे आकडे हवा सगळीकडे सारखी मिसळते असं धरून काढलेले. कपाटामागे, कोपऱ्यात त्याहून वेळ लागतो. पहिल्याने चहाकॉफी पिऊन पाच मिनिटांनी बाहेर पडायचं आणि दुसऱ्याने लगेच आत जाऊन मास्क काढायचा, यात दोघं ‘एकत्र’ बसलेच नाहीत असं नोंदवहीत दिसेल. हवेच्या हिशेबाने ते एकत्रच बसले.

कामाच्या ठिकाणी मास्कचा नियम लिहिताना बहुतेक जण फक्त गिऱ्हाइकाचा विचार करतात. दारावर पाटी लागते, काउंटरवर मास्कचा खोका ठेवला जातो. पण कर्मचारी दिवसात जितका वेळ एकमेकांसोबत घालवतात तितका कोणत्याही एका गिऱ्हाइकासोबत घालवत नाहीत. १५ मिनिटांच्या भेटीवर पहारा बसतो आणि आठ तासांच्या सोबतीवर कुणाचं लक्ष नसतं.

असं काम चालवायचं असेल तर

सुरुवात मास्कपासून होत नाही. ज्याला घसा खवखव, ताप, खोकला आहे त्याने कामावर यायचं नाही, आणि चाचणी दिली असेल तर निकाल येईपर्यंत यायचं नाही. इथे ‘अ’ला नेमकं हेच सांगितलं गेलं होतं. सांगून भागत नाही याचं कारण बहुतेक वेळा बुडणारा रोज असतो. आजाराच्या दिवसांचा पगार देणारा नियम नसेल तर वरची सूचना कागदावरच राहते. सकाळी दारातच लक्षणं विचारून सही घेतली की निदान ‘मला कोणी विचारलंच नाही’ हे तरी उरत नाही.

मास्क निवडताना, कारागिराला परवडतील आणि दिवसभर सोसतील असे एन९५ किंवा तशाच क्षमतेचे मास्क सर्वांत बरे. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा कानांच्या खालून मानेवर. दोन्ही पट्टे एकत्र मानेवर ओढले की मास्क खालून सुटतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत बाजूंना न्यायची. एका हाताने चिमटली तर मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालांवर हवा लागली तर पुन्हा बसवायचा. मास्कच्या कडेखाली दाढी असेल तर ही तपासणी काही केल्या उतरत नाही.

सर्जिकलच वापरायचा असेल तर त्याची बाजूची फट बुजवायची. मास्क आडवा दुमडून दोन्ही टोकं जुळवायची, कानाच्या दोरीला मास्कच्या अगदी कडेशी एक गाठ मारायची, दुसऱ्या बाजूलाही तशीच. मास्क उघडल्यावर गाठीपाशी कापडाची एक पोकळ घडी तयार होते. ती आत खोचून चपटी करायची. गाठ कडेपासून लांब पडली तर घडी सुटते आणि आधीपेक्षा मोठी फट होते. हा मास्क लहान चेहऱ्याला चांगला बसतो. मोठ्या चेहऱ्यावर हनुवटीखालून वर सरकतो, तिथे वरून घट्ट कापडी मास्क लावणं बरं. चष्मा असलेल्याला फुकटची तपासणी मिळते: काच धुरकट होते म्हणजे हवा नाकाच्या बाजूने निसटते आहे.

झडप असलेला मास्क अशा कामात टाळावा. आत येणारी हवा तो गाळतो, बाहेर जाणारी मात्र झडपेतून न गाळता जाते, आणि इथे गिऱ्हाइकाला वाचवायचं आहे.

केसांच्या कामाच्या अडचणी वेगळ्याच आहेत. कानामागचे केस कापताना दोरी आड येते. तेव्हा एका बाजूची दोरी काढून मास्कची कड वैद्यकीय चिकटपट्टीने गालाला लावायची, ती बाजू उरकली की दोरी परत. दोन्ही बाजू एकदम सोडून गिऱ्हाइकाच्या हातात मास्क धरायला दिला की तो हळूहळू नाकाखाली येतोच. दाढीमिशीचं काम शेवटी, दोघांनीही न बोलता, आणि कारागिराच्या तोंडावर एन९५ आणि डोळ्यांवर चष्मा असतानाच. केस धुताना किंवा कुरळे करण्याचं द्रावण लावताना गिऱ्हाइकाचा मास्क भिजतो. ओल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं, मग हवा कडेने वाट काढते. म्हणून धुण्याच्या जागी कोरे मास्क हाताशी ठेवायचे. दिवसभर बोलत उभं राहून काम करणाऱ्यालाही एक मास्क पुरत नाही. आतून ओलसर लागला की बदलायचा. तीन-चार मास्क धरून चालावं. काढलेला मास्क पुन्हा लावायचा असेल तर दोरीला धरून काढायचा आणि कागदी पिशवीत ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल तशीच राहते, आणि हनुवटीवर ओढून ठेवला की आतली बाजू गळ्याला घासते.

सुटीच्या वेळेची व्यवस्था मात्र लेखी हवी. एका वेळी एकानेच खायला जायचं, शक्य असेल तर बाहेर उघड्यावर. खोलीच असेल तर खिडकी उघडी आणि पंख्याचं तोंड खिडकीकडे, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. हेपा गाळणीचं, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणारं यंत्र ठेवत असाल तर ते खोलीच्या आकाराला पुरेसं आहे का ते पाहायचं: यंत्र तासाला जितके घनमीटर हवा सोडतं, त्याला खोलीच्या घनमीटरांनी भागायचं. ३० घनमीटरच्या खोलीत तासाला १८० घनमीटर देणारं यंत्र म्हणजे सहा बदल, म्हणजेच वरचे ४६ मिनिटांचे. आवाज होतो म्हणून ते सगळ्यात मंद वेगावर ठेवलं तर बदलांचा आकडा बराच खाली येतो, आणि अशी यंत्रं बहुतेक ठिकाणी मंद वेगावरच चालताना दिसतात.

सलून तीन दिवस बंद ठेवून पृष्ठभाग पुसले गेले ते २०२० च्या समजुतीला धरून होतं. हाताळण्याच्या जागा पुसायला हरकत काहीच नाही. पण ज्या मार्गाने हा आजार ‘अ’कडून ‘ब’कडे गेला असावा, त्यावर फडक्याचा फारसा परिणाम होत नाही.

शेवटची गोष्ट नोंदवहीची. १३९ जणांना गाठता आलं कारण कोण, कधी आणि कोणत्या कारागिराच्या खुर्चीत बसलं हे शोधता आलं. नाव, फोन, वेळ आणि कारागीर, एवढे चार रकाने पुरतात. पाचवा रकाना घालायचा असेल तर तो कर्मचाऱ्यांसाठी: सुटीला कोण, किती वाजता, कोणासोबत. आणि एखाद्याला लक्षणं आली की या वहीत त्या तारखेच्या दोन दिवस आधीच्या पानापासून शोध सुरू करायचा.